जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: प्रोसेसर कोण खातंय ते कसं पाहायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांनी लॅपटॉप भंगारात न देता त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ४ जीबी रॅमवाल्यांनी त्यातली एक्सएफसीई आवृत्ती निवडली असेल तर उत्तमच. पण हलकी सिस्टिम टाकली तरी आठवड्याभरात एक तक्रार येतेच: काहीच चालू नाही, तरी पंखा का घोंघावतोय?

मशीन अडकलं की खापर नेहमी प्रोसेसरवर फुटतं. जुन्या लॅपटॉपवर निम्म्या वेळा तरी दोष रॅमचा नाहीतर हार्ड डिस्कचा निघतो. म्हणून नुसता टक्क्यांचा आकडा बघून काही ठरवू नका. कोण खातंय, किती वेळ खातंय आणि प्रोसेसर खरंच राबतोय का, एवढं कळलं तरच पुढचा इलाज कळतो.

उदाहरणासाठी इंटेलचा आय-३ ५००५यू डोळ्यांसमोर ठेवू. २०१५ च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपमध्ये हा प्रोसेसर सर्रास असायचा. दोन कोअर (काम करणारे भाग), प्रत्येकावर दोन थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा), म्हणजे सिस्टिमच्या लेखी चार प्रोसेसर. वेग २ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेला वेग वाढवायची सोय) नाही. तुमचा वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

मेनूंची नावं मी इंग्रजी मेनूप्रमाणे देतोय. सिस्टिम मराठीत लावली असेल तर काही नावं मराठीत दिसतील, काही इंग्रजीतच राहतील. जागा बदलत नाहीत.

पॅनेलवर आलेख बसवा

१. खालच्या पॅनेलवर मोकळ्या जागी राइट-क्लिक करा. 'पॅनेल' आणि त्यात 'ॲड न्यू आयटेम्स' निवडा.

२. यादीत 'सीपीयू ग्राफ' शोधून 'ॲड' करा. यादीत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, सीपीयूग्राफ हा शब्द इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि जे प्लगइन सापडेल ते इन्स्टॉल करा. मग पुन्हा पहिल्या पायरीवर.

३. आलेख पॅनेलवर आला की त्यावर राइट-क्लिक करून 'मूव्ह'ने घड्याळाशेजारी आणून ठेवा.

४. पुन्हा राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज'. 'अपडेट इंटरव्हल' संथ करा. सेकंदाला चार वेळा हलणारा आलेख दिसायला छान असतो, पण मोजायचं कामही प्रोसेसरच करतो.

५. त्याच खिडकीत 'असोशिएटेड कमांड' असा रकाना आहे. आलेखावर क्लिक केल्यावर काय उघडायचं ते इथे ठरतं. टास्क मॅनेजर ठेवा.

आता दोन दिवस काही करू नका, फक्त अधूनमधून आलेखाकडे बघत जा. सगळ्या खिडक्या बंद असताना तो जेमतेम जमिनीवरून वर येतो, एखाद-दोन टक्के, फार तर पाच. ब्राउझर उघडताना क्षणभर छताला टेकतो आणि खाली येतो. यात बिघाड काही नाही. काम आल्यावर प्रोसेसरने शंभर टक्के राबावं यासाठीच तो विकत घेतलाय. काळजी करायची ती तुम्ही काही करत नसताना आलेख पाच-दहा मिनिटं वरच राहिला तर. लॉगिन केल्यावरची पहिली काही मिनिटं यातून वगळा. त्या वेळात अपडेट मॅनेजर आणि बाकी मंडळी आपापली कामं उरकत असतात.

टास्क मॅनेजर: पहिली चौकशी

मेनूत टास्क मॅनेजर शोधा आणि उघडा. विंडोजची सवय असलेला माणूस कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबतो. इथे त्याने टास्क मॅनेजरच उघडेल याची खात्री नाही, पण शॉर्टकट आपला आपण लावता येतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'कीबोर्ड', त्यात 'ॲप्लिकेशन शॉर्टकट्स', 'ॲड'. कमांड म्हणून इंग्रजी लहान लिपीत एक्सएफसीई, लगेच ४ हा आकडा, मग आडवी रेघ, मग टास्कमॅनेजर असं सगळं सलग टाइप करा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून दाखवा.

खिडकीत वर दोन आलेख, प्रोसेसरचा आणि मेमरीचा. खाली प्रक्रियांची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमांची, यादी. 'सीपीयू' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की यादी त्याप्रमाणे लागते. एकदा क्लिक करून लहान आकडे वर आले तर पुन्हा करा. आता वरची दोन-तीन नावं वाचा आणि अर्धा मिनिट तशीच बघत राहा. क्षणभर वर येऊन गायब होणारं नाव सोडून द्या. जे वर येऊन तिथेच ठाण मांडतं त्याची दखल घ्या.

नाव अनोळखी असेल तर घाबरू नका. टूलबारवर नेमबाजीच्या खुणेसारखं एक बटण आहे. ते दाबून कुठल्याही उघड्या खिडकीवर क्लिक केलं की त्या खिडकीमागची प्रक्रिया यादीत निवडली जाते. कोणती खिडकी कोणाची, हे शोधायला याहून सोपा मार्ग नाही.

आकडे वाचताना एक खाचखळगा आहे. एकाच प्रक्रियेसाठी एक साधन २५ टक्के दाखवतं, दुसरं १०० टक्के, आणि दोन्ही बरोबर असतात. काही साधनं पूर्ण मशीन म्हणजे १०० धरतात, काही एक थ्रेड म्हणजे १०० धरतात. आपल्या चार थ्रेडच्या आय-३ वर एकच प्रक्रिया एक थ्रेड पूर्ण व्यापून बसली असेल, तर पहिल्या हिशोबात ती फक्त २५ टक्के दिसते. माणूस म्हणतो, अजून पाऊण प्रोसेसर रिकामा आहे. पण तो प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर काम करणारा असेल तर त्याला त्या रिकाम्या जागेचा काडीचा उपयोग नाही. म्हणून चार थ्रेडच्या मशीनवर २५ च्या आसपास अडकून राहिलेला आकडा दिसला की संशय घ्या.

टॉप: काळी खिडकी, पण भीती नको

टास्क मॅनेजरने उत्तर दिलं नाही तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की उघडतं. इंग्रजी लहान लिपीत टी, ओ, पी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर. हा टॉप. कुठल्याही लिनक्सवर तो बहुतेक असतोच, वेगळा घ्यावा लागत नाही. दर तीन सेकंदांनी पडदा ताजा होतो. बाहेर पडायला क्यू.

पहिल्यांदा बघणाऱ्याचं लक्ष खालच्या यादीकडे जातं. तुम्ही आधी वरची सीपीयूची ओळ वाचा. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर ती साधारण अशी दिसू शकते:

१२.४ यूएस, ३.१ एसवाय, ०.० एनआय, २१.० आयडी, ६३.२ डब्ल्यूए, ०.० एचआय, ०.३ एसआय, ०.० एसटी

यूएस म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमांचं काम. एसवाय म्हणजे खुद्द कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, काम. आयडी म्हणजे रिकामा वेळ. आणि डब्ल्यूए म्हणजे डिस्ककडून माहिती यायची वाट बघण्यात गेलेला वेळ. बाकीची अक्षरं सुरुवातीला सोडून दिलीत तरी चालेल.

आता वरची ओळ पुन्हा वाचा. खरं काम १६ टक्क्यांच्याही आत आहे. ६३ टक्के वेळ प्रोसेसर हातावर हात ठेवून डिस्कची वाट बघतोय. माऊस अडकतोय, खिडकी पांढरी पडतेय, आणि तरीही प्रोसेसर निर्दोष आहे. अशा मशीनला नवा प्रोसेसर दिलात तरी काही फरक पडणार नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलीत तर जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

टॉपमध्ये असताना काही कळा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १ दाबलं की प्रत्येक थ्रेडची ओळ वेगळी दिसते. कोणी एकटाच पिचतोय का ते इथे कळतं. मोठ्या लिपीतला पी दाबला की यादी प्रोसेसरप्रमाणे लागते, मोठा एम दाबला की मेमरीप्रमाणे. टॉप मुळात एक थ्रेड म्हणजे १०० असं धरतो. त्यामुळे ब्राउझरसमोर १८० असा आकडा दिसला तर ती चूक नाही, तो जवळजवळ दोन थ्रेड भरून काम करतोय. मोठ्या लिपीतला आय दाबलात तर हिशोब पूर्ण मशीनच्या तुलनेत होतो.

टॉप रुक्ष वाटत असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचटॉप घ्या. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी लिहायला घेतलेलं हे साधन रंगीत आहे, त्यात माऊस चालतो आणि प्रत्येक थ्रेडची पट्टी वर दिसते. पट्टीतला हिरवा भाग म्हणजे साधे प्रोग्रॅम, लाल म्हणजे कर्नल, निळा म्हणजे कमी अग्रक्रमाची कामं. एफ५ दाबलं की कोणी कोणाला जन्म दिला त्याचा वंशवृक्ष दिसतो. ब्राउझरच्या वीस प्रक्रिया एकाच आईची लेकरं आहेत हे तिथे पाहिलं की यादी बघून येणारा गोंधळ बराच कमी होतो. मला विचाराल तर रोजच्या वापराला एचटॉपच घ्या, पण टॉप वाचता आला पाहिजे. दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की तोच हाताशी असतो.

लोड ॲव्हरेज

टॉपच्या अगदी पहिल्या ओळीत शेवटी तीन आकडे असतात. काम करणाऱ्या आणि रांगेत थांबलेल्या प्रक्रियांच्या संख्येची ही गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी. समजा तिथे ३.८२, २.१०, ०.९४ असं आहे.

तिकिटाच्या चार खिडक्या आहेत असं धरा. लोड ४ म्हणजे चारही खिडक्यांवर एकेक जण उभा आहे, मागे रांग नाही. लोड ८ म्हणजे चार जण खिडकीवर आणि चार जण रांगेत. म्हणून आकडा नेहमी आपल्या थ्रेडच्या संख्येशी ताडून बघायचा. चार थ्रेडच्या मशीनवर ३.८२ म्हणजे भरलेलं, पण तुंबलेलं नाही. पंधरा मिनिटांची सरासरी एकाच्याही आत आणि गेल्या मिनिटाची पावणेचारच्या वर, म्हणजे काहीतरी नुकतंच सुरू झालंय हेही त्याच ओळीतून कळतं. आकडे उलटे असते, तर काम उरकत आलंय, चहा घेऊन या.

लिनक्स या मोजणीत डिस्कसाठी ताटकळणाऱ्या प्रक्रियाही धरतो. त्यामुळे लोड ६ आणि प्रोसेसर ८० टक्के रिकामा, असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी वरचा डब्ल्यूए बघा. तो वर असेल तर पुन्हा डिस्कच.

नेहमीचे संशयित

ब्राउझर पहिला. त्यातही व्हिडिओ. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात पाठवतं. हे प्रकार उलगडायची सोय ग्राफिक्स चिपमध्ये असेल तर प्रोसेसरला फारसा त्रास होत नाही. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. आपला आय-३ पाचव्या पिढीचा. त्यामुळे सगळी मेहनत प्रोसेसरच्या माथी. व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा, 'कोडेक्स' या ओळीत प्रकार दिसेल. ब्राउझरमध्ये 'एन्हान्स्ड-एच२६४इफाय' हे एक्स्टेंशन टाकलंत की यूट्यूब जुना एच.२६४ प्रकार पाठवतं, आणि तो आपल्या चिपला येतो. तरीही मशीन धापा टाकत असेल तर दर्जा १०८० वरून ७२० वर आणा. पंधरा इंची पडद्यावर फरक शोधावा लागेल.

व्हिडिओ नसताना ब्राउझर वर असेल तर कोणता टॅब ते बघा. फायरफॉक्समध्ये मेनू, 'मोअर टूल्स', 'टास्क मॅनेजर'. क्रोम आणि क्रोमियममध्येही त्यांचा वेगळा टास्क मॅनेजर आहे, शिफ्ट-एस्केप दाबलं की उघडतो. टॅबचं नावच समोर येतं. बहुतेक वेळा जाहिरातींनी गच्च भरलेलं बातम्यांचं पान नाहीतर क्रिकेटचा धावफलक निघतो.

दुसरा संशयित नवख्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. त्याचं नाव टंबलर, यादीत शेवटी डी लावून टंबलरडी असं दिसतं. फोल्डरमधल्या फोटोंची आणि व्हिडिओंची छोटी चित्रं बनवणं हे याचं काम. पेन ड्राइव्हवर आलेला लग्नाचा दीडशे व्हिडिओंचा फोल्डर उघडलात की हा कामाला लागतो, आणि एखादी फाइल अर्धवट कॉपी झालेली असेल तर तिच्यावरच अडून बसू शकतो. तुम्ही फोल्डर बंद करून गेलात तरी याचं चालूच. टास्क मॅनेजरमधून त्याला बंद करायला काही हरकत नाही, लागेल तेव्हा तो परत उभा राहतो. वारंवार होत असेल तर थुनार या फाइल मॅनेजरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'डिस्प्ले' टॅबवर 'शो थंबनेल्स' समोर 'नेव्हर' निवडा.

अपडेट चालू असताना एपीटी, डीपीकेजी किंवा मिंटअपडेट अशी नावं वर आली तर हात लावू नका. मधेच मारलंत तर पॅकेज अर्धवट बसतात आणि नंतरचं निस्तरणं जास्त जिकिरीचं होतं.

के-स्वॅप-डी-शून्य हे नाव वर दिसलं तर समजा की रॅम संपली. कर्नल जीव तोडून जागा मोकळी करायला बघतोय, आणि त्या धडपडीत प्रोसेसरही खर्ची पडतोय. टॅब बंद करा. रॅम वाढवायची सोय असेल तर ४ ची ८ करा. हा लॅपटॉपसाठी केलेला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च.

थांबवायचं कसं

टास्क मॅनेजरमध्ये प्रक्रियेवर राइट-क्लिक केलं की 'स्टॉप', 'टर्मिनेट', 'किल' हे तीन पर्याय दिसतात. 'टर्मिनेट' म्हणजे सांगून घरी पाठवणं: प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळतो. 'किल' म्हणजे काही विचारणं नाही, जतन न केलेलं गेलं. आधी 'टर्मिनेट', दहा सेकंद वाट, ऐकलं नाही तरच 'किल'.

'स्टॉप'कडे लोक वळत नाहीत, पण तो फार कामाचा आहे. त्याने प्रक्रिया मरत नाही, जागच्या जागी गोठते. तासभर चालणारं व्हिडिओ रूपांतर लावलंय आणि मधेच मुलीचा ऑनलाइन तास सुरू झाला, तर रूपांतर 'स्टॉप' करा, तास संपल्यावर त्याच मेनूतून 'कंटिन्यू'. काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. पूर्ण थांबवायचं नसेल तर 'प्रायॉरिटी' कमी करा, म्हणजे बाकीच्यांचं झाल्यावर उरेल तेवढा वेळ त्याला मिळेल.

एक्सऑर्ग, एक्सएफडब्ल्यूएम४, सिस्टिमडी ही पडदा, खिडक्या आणि सिस्टिम चालवणारी नावं, त्यांना मात्र हात लावू नका. एक्सऑर्ग मारलात तर सगळ्या खिडक्यांसकट थेट लॉगिनच्या पडद्यावर जाल.

टक्के कमी, तरी मशीन मंद

टक्के वेळ मोजतात, वेग मोजत नाहीत. प्रोसेसर गरजेनुसार आपला वेग खालीवर करत असतो. ८०० मेगाहर्ट्झवर ६० टक्के आणि २ गिगाहर्ट्झवर ६० टक्के यात अडीचपटीचा फरक आहे, आलेखावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. बॅटरीवर असताना वेग कमी राहणं समजू शकतं. चार्जर लावलेला असताना राहिला तर तापमान बघा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे असते, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खालची जाळी बंद केलीत तर दुसरं काय होणार?

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये सेन्सर्स या शब्दाने शोधलंत की पॅनेलवर तापमान दाखवणारं प्लगइन मिळतं. ते सीपीयू ग्राफच्या शेजारी बसवा. साधं टायपिंग चालू असताना तापमान ८०-९० अंशांत फिरत असेल तर आधी पंख्यातली धूळ काढून घ्या. बऱ्याच वर्षांचं मशीन असेल तर दुकानदाराला थर्मल पेस्टही बदलायला सांगा.

कॉन्की नावाचं, डेस्कटॉपवर आकडे आणि आलेखांची आरास मांडणारं साधन फोटोंत फार देखणं दिसतं. पण सेकंदाला एकदा ताज्या होणाऱ्या डझनभर आकड्यांची आरास जुन्या मशीनवर लावलीत तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं होतं. लावायचीच हौस असेल तर पाच सेकंदांचं अंतर ठेवा.

मिंट नसेल तर

लुबुंटू १८.१० पासून एलएक्सक्यूटी डेस्कटॉपवर आहे. तिथे पॅनेलवर राइट-क्लिक करून 'मॅनेज विजेट्स'मधून सीपीयू मॉनिटर घ्या. टास्क मॅनेजरच्या जागी क्यूपीएस आहे. झुबुंटूवर एक्सएफसीईच असल्याने वरचं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू. रास्पबेरी पाय असेल तर पॅनेलच्या प्लगइनांत सीपीयूचा आलेख आहे. टॉप आणि एचटॉप तर सगळीकडे सारखेच.

आपण नसताना काय झालं

आतापर्यंतची साधनं चालू क्षण दाखवतात. रात्री डाउनलोड लावून झोपलात, पहाटे पंख्याच्या आवाजाने जाग आली, उठून टॉप उघडला तोवर सगळं शांत. यासाठी एटॉप आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. इन्स्टॉल झाल्यावर तो पार्श्वभूमीत दर दहा मिनिटांनी नोंद करत राहतो. सकाळी टर्मिनलात एटॉप, मग जागा सोडून आडवी रेघ आणि लहान आर, एंटर. दिवसाची नोंदवही उघडते. लहान टी दाबलं की दहा मिनिटं पुढे, मोठा टी दाबलं की दहा मिनिटं मागे. वेळ वरच्या ओळीत दिसते. पंखा सुरू झाला त्या सुमाराला या, मोठा सी दाबून यादी प्रोसेसरप्रमाणे लावा आणि पहिलं नाव वाचा. दोन-तीन दिवस त्याच वेळी तेच नाव दिसलं, तर ते ठरावीक वेळी आपोआप सुरू होणारं काम आहे. मिंटच्या अपडेट मॅनेजरचं असेल तर त्याच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये किती वेळाने तपासायचं ते बदलता येतं.